नवव्या मजल्यावरची नेमणूक

मी एक जुना तारा आहे. वर कशाला बघताय मित्रांनो, मी आभाळातला नाही, कपाटातला. छातीवर लावायचा. अंग चांदीचं, वरून सोन्याचं पाणी, मध्ये मिन्याचं काम आणि जोडीला खांद्यावरून तिरपा घ्यायचा रुंद रेशमी पट्टा. परमुलखात जाऊन जे लोक देशासाठी मैत्री जोडतात, भांडणं मिटवतात, त्यांना आमचं कोरियाचं सरकार मला देतं. म्हणजे माझा मान मोठा. नशीब मात्र बेताचं.

टांकसाळीत एका बाईंनी माझ्यात मिना भरला. कामात त्या गुणगुणायच्या आणि मध्येच स्वतःशी म्हणायच्या, "बघू या, हे बाळ कुठं कुठं फिरतंय ते." झालं. तेव्हापासून माझ्या अंगात जे भिरभिरं शिरलं ते निघालंच नाही. मला वाटलं, आपण आता जहाजातून जाणार, विमानातून जाणार, राजेराण्यांच्या जेवणात झुंबराखाली चमकणार.

मला मिळाले राजदूत प्यो इन-गू. दोन देशांची मासेमारीवरून जुंपली होती, ती यांनी एकाही होडीला ओरखडा न येता सोडवली. भर सभागृहात मंत्र्यांनी मला त्यांच्या छातीवर लावलं. टाळ्या झाल्या, फोटो झाले, सूप झालं. त्याच महिन्यात साहेब निवृत्त झाले. आणि मी? सेऊलमधल्या एका उंच इमारतीत, आठव्या मजल्यावर, कपाटाच्या मधल्या खणात. शेजारी दारूत बुडवलेल्या जिनसेंगच्या औषधी मुळाची बरणी. त्या मुळाला दोन पाय असतात, पण बोलायला तोंड नसतं. मी वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघत बसलो. पाहुणे आले की साहेब कपाटाकडे नुसती मान वळवायचे, पाहुणे "अरे वा" म्हणायचे, की पुन्हा काचेचं दार बंद. मित्रांनो, खाज सुटावी आणि हात नसावेत, तशी माझी गत.

त्या बंद दारामागून मी एक लढाई मात्र रोज ऐकायचो. आमच्या डोक्यावर, नवव्या मजल्यावर, दानबी नावाची चार वर्षांची मुलगी राहायला आली होती. ती चालायची नाही. ती धावायची, उड्या मारायची, टाचा आपटायची. धाड धाड धाड. साहेब छत्री घ्यायचे आणि टोकाने छताला टक टक टक करायचे. की वरून पुन्हा धाड धाड धाड. मग इंटरकॉमवरून खाली पहारेकऱ्याला निरोप. साहेबांची भाषा अजून नोकरीतलीच.

"आमच्या घराने त्यांच्या घराच्या या कृतीची गंभीर दखल घेतली आहे, एवढं कळवा."

"साहेब, म्हणजे मी नेमकं काय सांगू?" पहारेकरी विचारायचा.

"पाय आपटू नका म्हणावं."

वरच्यांनी जाड चटया टाकल्या. मुलीला मऊ चपला आणल्या. फरक शून्य. लिफ्टमध्ये दानबीची आई वाकून नमस्कार करायची, साहेब मजल्यांचे आकडे वाचत राहायचे. दोन वर्षं हे चाललं. साहेबांच्या पत्नी, मोकबाई, एकदा म्हणाल्याच, "अख्ख्या समुद्राचं भांडण मिटवलंत, आणि एका फरशीचं मिटेना होय तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "त्या समुद्राला टाचा आपटणारी मुलगी नव्हती."

यंदाच्या छुसॉकला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, मोकबाईंनी ठरवलं, आता पुरे. सणाला आमच्याकडे घराघरांत भेटीचे खोके फिरतात. टूना माशाचे डबे, तेलाच्या बाटल्या, समुद्रशेवाळ. एकाकडून आलेला खोका दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला. कित्येक डबे तर कुणाच्या पोटात न जाता सगळी इमारत बघून येतात. मी कपाटातून बघायचो आणि जळायचो. माशाच्या डब्याच्या नशिबातसुद्धा माझ्याहून जास्त प्रवास.

तर मोकबाईंनी टूनाचा एक खोका गुलाबी रेशमी रुमालात बांधला. योगायोगाने त्याच दिवशी त्यांनी मलाही बाहेर काढलं होतं. माझ्या पेटीची कडी तुटली होती. त्यांनी मला टूथपेस्ट लावून घासलं (असं करू नका मित्रांनो, मिना झोंबतो), पट्ट्यासकट पेटीत घातलं आणि पेटी उघडू नये म्हणून तीही रुमालात बांधली. त्याच ताग्यातल्या गुलाबी रुमालात. दोन्ही गाठोडी दाराजवळ चपलांच्या कपाटावर ठेवली.

"अहो, एक वर देऊन या आणि एक दुरुस्तीला न्या."

"वर मी जाणार नाही."

"मग संध्याकाळी जेवायलाही बसू नका."

साहेब गेले. पण कसे गेले माहितीये? जिन्याने, मोज्यांवर, चोरासारखे. एक गाठोडं वरच्या दारात ठेवलं, घंटी दाबली आणि धूम पळत खाली. सत्तरी ओलांडलेला राजदूत, बेल वाजवून पळाला. मी रुमालातून बघत होतो. हो, वर ठेवलेल्या गाठोड्यात मीच. मित्रांनो, मी इतका हसलो की पेटीत खुळखुळलो.

पुढचा प्रकार मला नंतर मोकबाईंकडून कळला. तो सांगताना त्या दर वेळी खुर्चीतून घसरतात. सण झाल्यावर साहेब दुसरं गाठोडं घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. गळा खाकरून म्हणाले, "जपून हाताळा. हे मला देशाने दिलंय." दुरुस्तीवाल्याने हात पुसले, गाठ सोडली, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाला, "साहेब, यातले दोन डबे मिरचीवाले आहेत."

साहेब तडक घरी आले, टूनाचं गाठोडं काखेत तसंच, आणि पहिल्यांदा उघडउघड नवव्या मजल्याची घंटी वाजवली.

मी तेव्हा कुठं होतो? दानबीच्या पोटावर. पट्टा चुकीच्या खांद्यावरून, मी पायजम्याच्या नाडीपाशी लटकलेलो, आणि ती सोफ्यावरून उड्या मारत होती. एकदा तर मी फरशीवर आपटलो, ठण्ण. एक टोक जरा वाकलं. काय सांगू, इतकं बरं मला त्या सभागृहातही वाटलं नव्हतं. पण घंटी वाजली, साहेबांचा आवाज आला. आता पुन्हा कपाट आणि ते दोन पायांचं मूळ.

"या ना काका, आत या," दानबीची आई दारात वाकली.

"नाही, मी फक्त..."

"आधी मला बोलू द्या, नाहीतर परत धीर व्हायचा नाही." ती भरभर बोलायला लागली. "आम्ही घर सोडणार होतो. सण झाला की दलाल येणार होता. तुमचा त्रास नको, आमचाही नको. पण दारात हे दिसलं, आणि ह्यांनी दलालाला फोन करून थांबवलं. म्हणाले, ज्या माणसाने स्वतःचा एवढा मोठा मान आपल्या लेकीला पाठवला, त्याच्या डोक्यावरून आपण पळून कुठं जायचं?"

साहेबांपुढे पेच. चुकून आलंय म्हणावं, तर वरचं घर रिकामं. ते न सांगावं, तर मी त्यांच्या हातून गेलो. आयुष्यभर दोन देशांच्या मध्ये बसलेला माणूस दारात काखेत गाठोडं घेऊन उभा होता, आणि मध्ये मी.

तेवढ्यात दानबी धाड धाड करत आली. साहेबांची नजर पट्ट्यावर पडली. तो डाव्या खांद्यावरून होता. त्यांना ते सोसेचना. गुडघे टेकले आणि म्हणाले, "उजव्या खांद्यावरून असतो तो. इकडे ये."

पट्टा नीट होईपर्यंत दानबी त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "तुम्ही छत्रीवाले आजोबा का?"

"हो."

"तुम्ही टक टक करता ना, मग मी पण करते. ऐकू येतं?"

"येतं."

"मग तुम्ही मध्येच का थांबता? मी किती वाट बघते."

मित्रांनो, दोन वर्षं. दोन वर्षं हे छताला निषेध नोंदवत होते, आणि वर बसलेली ती पोर त्याला उत्तर देत होती. तिला वाटत होतं, खाली कुणीतरी तिच्याशी खेळतंय.

"मला ठाऊक नव्हतं," साहेब म्हणाले. बोलले ते मिन्यासारख्या गुळगुळीत भाषेत नाही, साध्या आवाजात. "मी म्हातारा आहे ना. लवकर दमतो." मग उठले. "हे घालून धावायचं नसतं बरं का. टाच अलगद टेकवायची, म्हणजे तारा हलत नाही. अशी." आणि ते चालून दाखवायला लागले. मागून दानबी. तिच्यामागून, का कोण जाणे, तिची आई.

तेवढ्यात इंटरकॉम वाजला. खालून मोकबाई. "सगळे बरे आहात ना? एकदम शांत झालं म्हणून मला धडकीच भरली."

निघताना साहेबांनी काखेतलं गाठोडं पुढे केलं. "ह्याच्या जोडीला हे द्यायचं राहिलं होतं."

दानबीच्या आईने गाठ सोडली, डबे बघितले आणि ओठ दाबून हसली. "काका, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. असं कुणी कुणाला देतं का. नंतर ह्यांनाही पटलं, म्हणाले, लगेच परत करू. मीच म्हटलं, थांबा, ते मागायला येतात की भांडायला, ते तरी बघू." तिने माझी पेटी आणून त्यांच्या हातात दिली. "घेऊन जा. घर आम्ही सोडत नाही."

माझा जीव अर्धा झाला. साहेबांनी पेटी बघितली. दानबीकडे बघितलं. ती टाच अलगद टेकवत, श्वास रोखून, सोफ्याला फेरी मारत होती.

नियम असा की मला दुसऱ्या कुणी घालायचं नसतं. हा नियम साहेबांइतका कुणाला पाठ असेल? त्यांनी रिकामी पेटी चपलांच्या कपाटावर ठेवली.

"राहू दे. याची इथं नेमणूक झालीय," ते म्हणाले. "तीन वर्षांची. मग बदलीचं बघू."

तर मित्रांनो, मी आता इथं असतो. माझ्या पट्ट्याला भाताचं शीत चिकटलंय, वाकलेलं टोक तसंच आहे, आणि दर रविवारी साहेब माझी तपासणी करायला येतात ते जेवूनच जातात. तुमच्या घरातही माझ्यासारखा कुणीतरी असेल. आजीचा बिल्ला, मामांचा चषक. त्याला कोरड्या फडक्याने पुसा, पाण्यात बुडवू नका, हे सगळं करा. पण मग दार बंद करू नका. त्याला कुणाच्या तरी अंगावर घाला. एखादं टोक वाकेल. वाकू दे.