उदबत्तीचा डाग

बी-लुआन म्हातारीचा मुलगा किम-त्सुआन गुणाचाच, पण नको तिथे गुण उधळणारा. वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा सण तोंडावर आलेला. आईला खूश करावं म्हणून त्यानं पूर्वजांच्या पूजेचं टेबल, पणजोबांच्या वेळचं, कोरीव पायांचं, गुपचूप सुताराकडे नेलं. रंधा मारून, नवी लाख चढवून, तोंड दिसेल इतकं चकचकीत करून आणलं. म्हातारीनं उजव्या कोपऱ्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. डाग गेला होता.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिच्या हातून जळती उदबत्ती पडून तिथे बोटभर काळा डाग पडला होता. डोळे माहेरी ठेवून आलीस का, म्हणत सासूनं अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी खरडपट्टी काढली, आणि सुनेचं रडवेलं तोंड बघून शेवटी स्वतःच खो खो हसत सुटली. पुढे जुन्या देवधर्मावर सरकारी वरवंटा फिरला, तेव्हा देव्हारे फोडत फिरणारी पोरं चांगचौ शहरातल्या त्या गल्लीत शिरली. बी-लुआन त्या टेबलावर, ते स्वयंपाकाचंच असल्यासारखी, मासे साफ करत बसली, म्हणून टेबल तेवढं वाचलं. तोवर वारलेल्या सासूच्या नावाची पूजेतली पाटी आणि एकुलता एक फोटो पोरांनी जाळला. सासूची म्हणून उरलेली खूण काय, तर तो डाग.

सणाच्या सकाळी तिनं त्या टेबलावर पूर्वजांसाठी तांदळाच्या गोड गोळ्या वाढल्या. सासूबाई, आलात का, असं विचारून बांबूचे दोन अर्धचंद्री ठोकळे जमिनीवर टाकले. एकाची सपाट आणि एकाची फुगीर बाजू वर आली तर होकार, दोन्ही फुगीर तर नकार, आणि दोन्ही सपाट आल्या तर गेलेलं माणूस हसलं म्हणायचं. तीनदा टाकले, तीनदा नकार.

"त्यांना टेबलच ओळखू येत नाही रे," म्हातारी म्हणाली. "परक्याच्या घरात कशा पाऊल टाकतील?"

किम-त्सुआन खजील होऊन सुताराला बोलावतो म्हणू लागला. ती ऐकतेय कुठली? तिनं जळती उदबत्ती उचलली, फुंकून लाल केली आणि त्याच कोपऱ्यावर टेकवली. लाख चरचरली, लाकूड काळं पडलं. मग कमरेवर हात ठेवून थेट सासूच्या ठसक्यात ती स्वतःलाच म्हणाली, "डोळे माहेरी ठेवून आलीस का गं?"

पुन्हा ठोकळे टाकले. दोन्ही सपाट बाजू वर.

"आई, हा होकार नाही," किम-त्सुआन हळूच म्हणाला.

"होकार हवाय कुणाला?" डोळे पुसत म्हातारी म्हणाली. "हसल्या बघ." आणि गार झालेल्या गोळ्या गरम करायला उठली.