नायजेलचा मेसेज

"नायजेलचा काही मेसेज?" व्हिन्सेंट दारातून ओरडला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात कुत्र्यांच्या पिंजऱ्याची चावी.

माझे दोन्ही हात बांगड्याच्या मसाल्यात. फोन फ्रिजवर होता आणि मघाशी दोनदा वाजलेला मी ऐकलाही होता. "नाही रे बाबा, काही नाही!" मी म्हटलं. वळून बघितलंसुद्धा नाही.

आता फोन माझ्याकडे का, ते सांगते. माझा नवरा म्हणजे एक नग आहे. लोक उपवासकाळात मटण सोडतात, दारू सोडतात. ह्याने यंदा मोबाइल सोडला! पंप रिपेअरची गिऱ्हाइकं घरच्या फोनवर बोलतात, पण शेजारचा नायजेल ठार बहिरा, तो मेसेजच करतो. म्हणून ह्याने त्याला परस्पर सांगून टाकलं, ईस्टरपर्यंत मेसेज सिसिलिया वाचेल. मला विचारायची पद्धत आमच्या घरात नाहीच. मला राग होता, आणि तो मी फोनवर काढत होते.

नायजेलच्या चाळीस मेंढ्या आणि आमची पाच शिकारी कुत्री. कायोटी म्हणजे कोल्ह्याचाच थोरला भाऊ. तो कळपात शिरला की व्हिन्सेंट कुत्री सोडतो. नायजेलचा राखणीचा पांढरा कुत्रा सॅम दिवसा बांधलेला असतो. मोकळा असेल तर नायजेल कळवतो. मेसेज नसेल तर कुत्री सोडायला हरकत नाही, वसईहून या बर्फाच्या मुलखात आल्यापासून पंधरा वर्षं असंच चाललं होतं.

नेमकी त्याच दिवशी तीन वाजता टाउनशिप हॉलमध्ये सुनावणी होती. कुत्र्यांनी शिकार करायला सगळीकडे बंदी घालायची होती टाउनशिपच्या कौन्सिलला. माझ्या कुत्र्यांनी पाळीव जनावराला कधी दात लावला नाही, असं व्हिन्सेंट सांगणार होता. नायजेल त्याची साक्ष देणार होता.

मेंढ्यांचा आरडाओरडा ऐकून मी हात न धुताच बाहेर धावले. कुंपणापाशी एक कोकरू पडलं होतं. मागचा भाग खाल्लेला, तरी पुढच्या पायांवर उठायला बघत होतं. पलीकडे बर्फात कायोटी आणि काहीतरी पांढरं एकमेकांत गुंतून लोळत होतं. आमची पाचही कुत्री त्या दोघांवर तुटून पडली.

"सोड! सोड रे! अरे, तो सॅम आहे!" व्हिन्सेंट मराठीत किंचाळत होता. आमच्या कुत्र्यांना मराठीच कळतं, पण तेव्हा तेही कळेना. बंदुकीच्या दस्त्याने तो आपल्याच कुत्र्यांना झोडपत सुटला. एकाचा जबडा मोडल्याचा आवाज मला आला. रोझी, जी कुत्री त्याने बाटलीने दूध पाजून वाढवली, तिने त्याचा तळहात फाडला. त्याने नळी कायोटीच्या बरगडीला टेकवून गोळी घातली.

तोवर सॅमचा गळा उघडा पडला होता. आतडी बर्फावर आली होती आणि शेपटी अजून हलत होती. व्हिन्सेंटने क्रुसाची खूण केली आणि दुसरी गोळी सॅमला घातली.

नायजेल शेतातून पळत आला. त्याने कोट काढून सॅमवर टाकला, कोटासकट त्याला उचलला आणि निघून गेला. आमच्याकडे बघितलं नाही.

घरी येऊन मी हात धुतले आणि फोन बघितला. दोन मेसेज होते. सॅम सुटलाय, कुत्री सोडू नकोस. तेच दोनदा.

हॉलकडे जाताना व्हॅनमध्ये मी व्हिन्सेंटला मेसेजचं सांगितलं.

"मी विचारलं होतं ना तुला."

"हो."

त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

हॉलमध्ये हाताला फडकं बांधून तो माइकसमोर उभा राहिला. आज सकाळचं त्याने आधी सांगितलं, मेसेज सोडून काही न लपवता. मग म्हणाला, "तरी बॅन करू नका. लायसन्स ठेवा, रूल्स करा, मला फाइन मारा. कुत्री गेली तर लोक पॉयझन टाकतील. पॉयझन काय बघून मारतं का? कायोटी मरेल, घार मरेल, तुमच्या घरचं मांजर पण मरेल." हे सगळं तो त्याच्या वसईच्या इंग्रजीत म्हणाला, पण खरं होतं. दोघं-तिघं मान हलवत होते.

तेवढ्यात मागे नायजेल उभा राहिला. बहिऱ्या माणसाचा मोठा आवाज. "आय टेक्स्टेड यू. ट्वाइस. सिसिलिया डिडन्ट सी इट?"

सगळा हॉल माझ्याकडे वळला. चूक स्वयंपाकघरात झाली होती, कुत्र्यांची नव्हती आणि त्याचीही नव्हती. हे एक वाक्य मी बोलले असते तर कदाचित कुत्र्यांवरची बंदी टळली असती. ऊठ की गं, बाई, मी स्वतःला म्हणत होते. अर्धी उठलेही.

व्हिन्सेंटने कौन्सिलकडे पाठ केली आणि नायजेलला ओठ दिसावेत म्हणून त्याच्याकडे वळला. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "शी टोल्ड मी, नायजेल. आय कुडन्ट वेट."

मी खाली बसले. देवा, मी खाली बसले.

मग कौन्सिलचे सगळेच हात बंदीच्या बाजूने वर गेले. नायजेल बाहेर पडला. व्हिन्सेंट माझ्याशेजारी येऊन बसला, फडक्याची गाठ सुटली होती ती दातांनी आवळली.

"चल," तो म्हणाला, "कुत्री सकाळपासून उपाशी आहेत."