वर्नाचा शहाण्णवावा माथा

वर्ना लुंडक्विस्टच्या यादीतला एकच डोंगर उरला होता, तोही गिर्यारोहण क्लबचा म्होरक्या हॉलिस याच्या हट्टापायी. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटातले शहाण्णव माथे जो चढेल त्याचं नाव क्लबच्या पाटीवर लागतं. वर्नाचे पंच्याण्णव झाले होते. दहा वर्षांपूर्वी याच ब्लाइंड म्यूल नावाच्या डोंगरावर माथा दोनशे फूट उरला असताना घड्याळात दोन वाजले, आणि हॉलिसने सगळ्यांना मागे फिरवलं. अंधाराआधी खाली पोचायचं तर दोनला असू तिथून परत फिरायचं; दोन म्हणजे दोन, हा त्याचा नियम. तीस वर्षांत त्याने तो एकदाही मोडला नव्हता. वर्नाने तीन वर्षं त्याच्याशी अबोला धरला. मग सोडला, कारण नियम बरोबर आहे हे तिलाही मनातून ठाऊक होतं.

आता ती एकाहत्तरची झाली होती. पुढच्या महिन्यात उजवा गुडघा बदलायचा होता, आणि त्यानंतर डोंगराचं नावही काढायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

उजाडताच नऊ जण गाड्यांपासून निघाले. डेल्फीनच्या पाठीवरच्या पिशवीत माथ्यावर कापायचा गाजराचा केक होता. वाटेत ती चोया निवडुंगावर बसली, तेव्हा दोघी-तिघींनी कंगवे काढून तिचे काटे उपटले.

"केक वाचला ना?" हॉलिसने विचारलं.

"माझी चौकशी कर आधी, मेल्या."

"तू काय, दर वेळी बसतेस."

एक वाजता माथा आला. दगडांच्या ढिगात चढून येणाऱ्यांच्या नोंदवहीचा गंजका डबा होता. आठ जणांनी समोरासमोर उभं राहून काठ्यांची कमान धरली. शेवटचा डोंगर संपवणाऱ्याने त्या कमानीखालून जाऊन सर्वांत उंच दगडाला हात लावायचा, अशी रीतच आहे. डेल्फीन तर रडायच्या तयारीत होती.

वर्ना कमानीच्या तोंडाशी आली आणि थांबली. ती पूर्वेकडे बघत होती. खिंडीपलीकडे त्याच डोंगराचं दुसरं टेंगूळ होतं.

"ते उंच दिसतंय," ती म्हणाली.

"डबा इथे आहे, बाई," हॉलिस म्हणाला.

"डबा कुणीही कुठेही ठेवील. माथा म्हणजे माथा."

"अगं, आधी इथे हात तरी लावून घे," डेल्फीन काकुळतीला आली. "हात दुखायला लागले."

"आणि हा खोटा निघाला तर? कमान एकदाच होते. उद्या पाटीवर नाव लागेल आणि मला त्याकडे बघवणार नाही."

वर्नापुढे कुणाचं चालत नसे. चाळीस वर्षं टपाल कचेरी सांभाळलेली बाई. वजन अर्धा आउन्स जास्त भरलं म्हणून तिने सख्ख्या बहिणीचं पाकीट परत पाठवलं होतं. काठ्या, केक आणि कुरकुर घेऊन सगळे खिंडीत उतरले, पलीकडे चढले. एक चाळीसला हॉलिसने खिशातून पातळी बघायची बोटभर नळी काढली, डोळ्याला लावली, आतला बुडबुडा मध्यावर आणला आणि मागच्या माथ्याकडे पाहिलं. मग नळी वर्नाच्या हातात दिली.

वर्नाने पाहिलं. आधीचाच माथा उंच होता. चांगला पुरुषभर.

कुणीतरी फसकन हसलं आणि मग सगळेच हसत सुटले. वर्नाही हसली. आठही जण त्या माथ्यावर उभे राहून आले होते. कमानीच्या तोंडाशीच थांबली होती ती फक्त तीच.

खिंडीत परतले तेव्हा दोन वाजले होते. डावीकडे गाड्यांकडे उतरणारी घळ, समोर माथा. वर्ना स्वतःच डावीकडे वळली.

"दोन झाले," ती म्हणाली. "चला. माझ्याच शहाणपणाचं फळ आहे, खाल्लंच पाहिजे."

तिचा आवाज स्थिर होता, आणि तेच हॉलिसला सहन होईना. दहा वर्षांपूर्वी ती भांडली असती.

"डोक्यावरचे दिवे किती जणांकडे आहेत?" त्याने विचारलं.

सगळ्यांकडे होते.

"खालची शेवटची तासाभराची वाट अंधारात चालावी लागेल. कुणाची ना असेल तर आत्ता सांगा, तक्रार नाही."

"हॉलिस, दोन वाजलेत," वर्ना म्हणाली.

"मला घड्याळ कळतं. कोण नाही म्हणतंय?"

"माझे काटे अजून टोचताहेत," डेल्फीन म्हणाली. "पण हा केक मी परत खाली नेणार नाही."

माथ्यावर पुन्हा कमान झाली. वर्ना गुडघा सांभाळत तिच्याखालून गेली आणि दोन्ही हात दगडावर टेकवून बराच वेळ तशीच राहिली. उन्हाने दगड गरम झाला होता. तिला इतका आनंद झाला की हात उचलवेनात. डेल्फीनने सगळ्यांच्या वतीने रडून घेतलं.

हॉलिसने डब्यातली वही उघडली. नेहमीसारखी आधी तारीख, नावं, मग वेळ. त्याने लिहिलं: "दोन पंचवीस. उशीर. चूक म्होरक्याची." आणि खाली सही केली.

वर्नाने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं. वही ओढून घेतली, 'म्होरक्याची' वर काट मारली आणि 'वर्नाची' लिहिलं.

"नोंदवहीत खाडाखोड चालत नाही," हॉलिस म्हणाला.

"मग खोटं लिहायचं नाही," वर्ना म्हणाली, आणि केकचा पहिला तुकडा तिने त्याच्या हातावर ठेवला.