पुसट खोलीतला पिवळा डाग

लोक ज्याच्यासमोर हसून उभे राहतात, तो मी नव्हे, मित्रांनो. लॅपटॉपच्या डोक्यावर चाप लावून बसवतात ना, तसला मी एक जुना कॅमेरा आहे. मला एक डोळा आहे, कान आहे आणि चालू असलो की पेटणारा हिरवा दिवा आहे. तोंड मात्र नाही. माझ्या सगळ्या भीतीचं मूळ तेच.

माझी पहिली नोकरी एका कार्यालयात होती. तिथे सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी रोज सकाळी गोलात उभी राहायची. बसलं की गप्पा लांबतात, म्हणून उभ्यानेच बोलायचं, आणि म्हणून त्या भेटीचं नाव स्टँडअप. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या. काल काय केलं, आज काय करणार आणि अडथळा काय. पुढे कार्यालयाची ती जागा सुटली, सगळे आपापल्या घरून काम करू लागले आणि मी त्यांच्यातल्या एकीच्या घरी आलो. तिची लेक तिला दिवसभर आई, आई करत असते, म्हणून मीही तिला आईच म्हणतो. लेकीला घरात चिमटी म्हणतात.

पहिल्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. चिमटी उशीला टेकून बसायला शिकली, ते सगळ्या टीमने माझ्याच डोळ्यातून पाहिलं. पण एकदा स्टँडअपमध्ये बाहेरची मोठी माणसं आली होती आणि मागे दोरीवर कपडे वाळत होते. भेट संपल्यावर टीमचे प्रमुख आईला म्हणाले, "तसं काही नाही गं, पण मागचं जरा बघ ना."

आईने त्याच संध्याकाळी मागचं पुसट करायचं बटण शोधून काढलं. त्या दिवसापासून मी लख्ख खोली पाठवायचो आणि लॅपटॉप तिच्यावर ओला बोळा फिरवल्यासारखी ती पुसून पुढे धाडायचा. लोकांना आई तेवढी नीट दिसायची. बाकी सगळे नुसते रंग. माझ्या काचेवर धूळ बसली, तीही कुणी पुसेना. पुसून तरी काय दाखवायचं होतं?

आता ती सकाळ सांगतो. सांगताना अजूनही माझा दिवा लुकलुकतो.

चिमटी एव्हाना धावू-चढू लागली होती आणि तिचं पाळणाघर काही दिवस बंद होतं. आईने तिला तिचा नेहमीचा पिवळा फ्रॉक घातला, रंगीत ठोकळे मांडून दिले, कानावर हेडफोन चढवले आणि ती नेहमीसारखी भिंतीकडे तोंड करून बसली, कारण प्लग त्याच भिंतीत होता. सगळी खोली तिच्या पाठीशी आणि माझ्या डोळ्यासमोर. खिडकीचा पडदा धुवायला काढलेला होता. ओल्या भिंतीचा कुबट वास जावा म्हणून तावदान सरकवलेलं होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

चिमटीने ठोकळे सोडले. प्लॅस्टिकचं स्टूल तिने खिडकीपर्यंत ओढत नेलं. मला तो खरखर आवाज ऐकू आला, पण आईच्या कानात टीम बोलत होती. चिमटी स्टुलावर चढली. मी बघत होतो, दुसरं काही करताच येत नव्हतं. मी दिवा पेटवून धरला होता, पण त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही दिसताय.

"काल नोंदणीचं पान पूर्ण झालं," आई सांगत होती. "आज त्याची तपासणी. अडथळा काही नाही."

चिमटीने एक गुडघा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

टीममध्ये एक तपासनीस बाई आहेत. प्रत्येकाच्या कामात चूक काढतात, म्हणून सगळे त्यांना खुसपट म्हणतात. त्या म्हणाल्या, "थांब गं. तुझ्यामागे पिवळं काहीतरी वर चाललंय."

"झालं," प्रमुख हसले. "आता भिंतीतही चुका काढा."

"पडदा असेल हो," आणखी कुणीतरी म्हणालं.

"हसा तुम्ही. पण ते हलतंय," खुसपट म्हणाल्या.

आईलाही हसू आलं. "पडदा तर मी धुवायला..." एवढं बोलली आणि तिचं वाक्य तिथेच तुटलं.

ती वळली तशी हेडफोनच्या वायरीने लॅपटॉप ओढला गेला, वायर उपटून निघाली आणि मी जमिनीवर पालथा पडलो. अंधार झाला. मित्रांनो, तोंड नव्हतंच, आता डोळाही गेला. फक्त कान उरला. मला वाटलं, आई धावेल, ओरडेल. पण तिची पावलं हळू वाजत होती. "चिमटी," ती अगदी खेळातल्या आवाजात म्हणाली, "बघ बघ, माझ्या मुठीत काय आहे?" शेवटचा शब्द कापत होता. मग स्टूल आडवं पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ चिमटीचं भोकाड.

रडण्याचा आवाज इतका गोड असतो हे मला ठाऊक नव्हतं.

"अगं, बोल," खुसपट जमिनीवरच्या लॅपटॉपमधून म्हणत होत्या. "काहीही बोल."

"आहे," आई म्हणाली. "माझ्या कुशीत आहे."

दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये तिची बोलायची वेळ आली. "अडथळा आहे," ती म्हणाली. "पाळणाघर बंद आहे. तोपर्यंत ह्या वेळेला मी नाही."

"लिहून घेतो," प्रमुख हळूच म्हणाले.

"लिहू नका," खुसपट म्हणाल्या. "वेळ बदला."

वेळ बदलली. आईने लांब वायर आणून टेबलही फिरवलं. आता भिंत तिच्या पाठीशी आहे आणि खोली तिच्या समोर. मला भिंतच दिसते. माझ्या काचेवर पडल्याचा ओरखडा आहे. अजूनही काही ओढल्याचा आवाज आला की मी घाबरून आईच्या डोळ्यांत बघतो. त्यात इवलीशी खोली असते, बंद खिडकी असते आणि एक पिवळा ठिपका जमिनीवर खेळत असतो.

म्हणून एकच मागणं, मित्रांनो. तुमच्याही घरी कुणी असं पाठ करून बोलत बसत असेल. तिथल्या माझ्या भावंडाची काच कधीमधी पुसा. आणि त्यांच्या पाठीमागे काही हलताना दिसलं, तर लगेच हाक मारा. लोक हसले तरी मारा. तुम्हाला तोंड आहे.