जन्माचं मले इचारा

रविवार होता. मुकुटबनच्या पाझाऱ्यांच्या घरात सकाळपासून कांदे चिरणं चाललं होतं. वणीहून पाहुणे येणार होते, उर्वशीला पाहायला. तुळसाबाईंनी दिवाणावर नवी चादर घातली, ठेवणीतल्या कपबशा विसळल्या. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या उकंडा पाझाऱ्यांनी इस्त्रीचा सदरा चढवला आणि मग उरलेलं एक काम उरकायला ते मागच्या खोलीकडे वळले.

त्या खोलीत त्यांचा थोरला मुलगा अश्वजित बसला होता. खाट, फौजेतून परत आणलेली लोखंडी पेटी आणि भिंतीवरचा आरसा, एवढंच सामान.

"पाहुणे जाईस्तोवर आतच राह्य," उकंडा म्हणाले. "आवाज नको करू."

"म्या काय मुद्दाम करतो का बाबा?"

उकंडांनी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

अश्वजित फौजेत भरती झाला, तेव्हा याच गावाने त्याला उघड्या जीपमधून मिरवलं होतं. पुढे बँड होता, गळ्यात हार मावत नव्हते. भरतीला दोन वर्षं झाली असतील, तेव्हा डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी रात्रपाळीची माणसं घेऊन जाताना दरीकडे घसरली. अश्वजितचं डोकं दगडावर आपटलं. उमरखेडकडच्या तांड्यावरचा हवालदार गुलाबसिंग राठोड त्याच गाडीत होता; त्याने त्याला पाठीवर घेऊन वर आणलं. टाके पडले, पट्टी झाली आणि थोड्याच दिवसांत तो पुन्हा ड्युटीवर उभा राहिला. काही महिन्यांनी बराकीत त्याला पहिली फिट आली. मग दुसरी. मग वैद्यकीय मंडळ बसलं. त्या मंडळाने त्याला सेवेतून मोकळं केलं आणि कागदावर कारण लिहिलं: आजार जन्मजात, सेवेशी संबंध नाही. म्हणजे अपंगत्वाचं पेन्शनही नाही.

पहिलं अपील त्याच शब्दांत परत आलं.

घरी आला, तेव्हा त्याला घ्यायला स्टँडवर फक्त बहीण होती. महिन्याभरात तो गावाचा 'मिरगीवाला फौजी' झाला. ज्यांनी हार घातले होते, ते त्याला पाहून रस्ता बदलू लागले. चहाच्या टपरीवर त्याच्यासाठी वेगळा ग्लास निघाला. ज्या समाजाला वेगळ्या ग्लासाचा अर्थ कुणी समजावून सांगण्याची गरज नाही, त्याच समाजातली माणसं शेजारी बसून तो ग्लास बघत होती आणि गप्प होती!

नागपूरचे वकील संघर्ष वाघमारे दुसऱ्या अपिलासाठी उभे राहिले. गुलाबसिंगने आपली साक्ष आधीच लिहून दिली होती. वकिलांना आणखी एकच गोष्ट हवी होती. भरतीआधी या मुलाला कधी फिट आली नाही, घराण्यात कुणालाच हा आजार नाही, हे आईवडिलांनी शपथेवर सांगावं.

"उर्वशीचं जमू द्या," उकंडा म्हणाले होते. "मंग देतो. आत्ता कागद झाला का गावोगाव होते. कोन करन मंग आपल्या पोरीले?"

"पन बाबा, तुमी नाई बोलले तर ते जे म्हनून राह्यले तेच खरं ठरते," उर्वशी म्हणाली होती. "दोष आपल्या रक्तात हाय, असंच ना? मंग तो माह्याबी रक्तात हाय."

उकंडांनी कागद दिला नाही. मंडळाने एकदा लिहिलं, गावाने रोज उच्चारलं आणि बापाने तोंड मिटून त्याच्यावर सही केली. मंडळाच्या वकिलाला याहून चांगला साक्षीदार कुठे मिळणार होता?

पाहुणे दुपारी आले. निवृत्त शिक्षक मुनेश्वर गुरुजी, त्यांची पत्नी आणि ग्रामसेवक असलेला मुलगा राजदीप. जयभीम झाला, पाणी झालं. उर्वशीने बी.एड. केलंय, वणीच्या शाळेत शिकवते, हे ऐकून गुरुजी खूश झाले.

"आन तुमचा मुलगा फौजेत होता म्हनते ना? कुठं असते आता?"

"पुण्याले," उकंडा म्हणाले. "सिक्युरिटीत हाय."

आत काहीतरी धाडकन पडलं.

स्वयंपाकघरात तुळसाबाई चहा गाळत होत्या. त्यांचा हात थांबला. आवाज कशाचा, हे त्यांना कळलं होतं. कोणत्याही आईला कळलं असतं. पण बाहेर पाहुणे होते, पोरीचं आयुष्य होतं, आणि नवरा मोठमोठ्याने एसटीच्या गोष्टी सांगू लागला होता. तुळसाबाईंनी गाळणी पुन्हा धरली आणि दुसरा कप भरला.

मग दारावर टाचा आपटू लागल्या. धड, धड, धड.

"मांजर शिरलं असन," उकंडा हसत म्हणाले.

उर्वशीने पोह्यांचा ट्रे पाहुण्यांच्या समोर ठेवला. ती मागे वळली आणि सरळ त्या दाराशी गेली.

"उर्वशी!" बाप ओरडला.

तिने कडी काढली. अश्वजित जमिनीवर ताठ होऊन पडला होता, अंगाला झटके येत होते. पडताना त्याचं तोंड पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं होतं. डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होतं. उर्वशी खाली बसली, त्याला एका कुशीवर वळवलं, गळ्याचं बटण सोडलं, डोक्याखाली ओढणी सारली.

मुनेश्वर गुरुजी मागोमाग आले होते. क्षणभर त्यांनी पाहिलं आणि खाली वाकून पायातला जोडा काढला.

"हुंगव त्याले. लवकर हुंगव."

या माणसाने जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं.

"गुरुजी, जोडा पायात घाला," उर्वशी वर न पाहता म्हणाली. "दादाले हात नका लावू. गाडी बोलवता येत असन तर बोलवा."

गाडी राजदीपने बोलावली, हे मान्य करायला हवं. पण गाडी येण्याआधी मुनेश्वरबाईंनी तुळसाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "पोरीलेबी येते का वं असं?"

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा वाचवायचा प्रयत्न केला. वाचला नाही.

आठवड्याने मुनेश्वर गुरुजींचा फोन आला. मुलगी आम्हाला पसंत आहे, ते म्हणाले. आम्ही शिकलेली माणसं, जुन्या विचारांची नाही. फक्त दोन गोष्टी. मुलाला कुठल्यातरी आश्रमात ठेवा आणि ती केस मागे घ्या. उद्या पेपरात नाव आलं, तर नातेवाइकांना काय सांगायचं?

उकंडांनी फोन ठेवला. डोळ्यावर पट्टी बांधलेला मुलगा समोरच्या खाटेवर होता. त्याच्याकडे न पाहता ते म्हणाले, "होय म्हनतो म्या. काई दिवसांसाठीच तर."

"होय म्हना," उर्वशी म्हणाली. "आन नवरीबी तुमीच उभी करा. मी नाई."

"अवं, इतकं चांगलं स्थळ—"

"ज्या घरात जायाले भाऊ मेला पायजे, ते चांगलं स्थळ?"

संध्याकाळी राजदीपचाच तिला फोन आला. त्याचं स्वतःचं काही म्हणणं नव्हतं, तो पुन्हा पुन्हा सांगत होता. पण घरच्यांच्या पुढे त्याचं काही चालत नव्हतं.

"तुमचं काई म्हननंच नसन," उर्वशीने विचारलं, "तर मंग मी लग्न कोनाशी करून राह्यली होती?" आणि तिने फोन बंद केला.

उकंडा चिडले, रडले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाले, त्यांनीच शिकवलं पोरीला आणि आता पोरगी बापाला शिकवते. तेव्हा कुठे अश्वजित बोलला.

"फौजेनं मले जन्माचा रोगी म्हनलं, ते मले लागलं. पन ते परके होते बाबा. तुमी काहून कडी लावली?"

मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या तुळसाबाई उठल्या.

"मले ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "तू पडला तवा. म्या चहा गाळत राह्यली. ऐकून घे बापू, तुह्या मायनं चहा गाळला."

मग त्या उर्वशीकडे वळल्या.

"त्या वकिलाले फोन लाव. तो कागद कुठं द्या लागते, इचार."

दुसऱ्या दिवशी त्या झरीला तहसिलात गेल्या. उर्वशी बरोबर होती. कारकुनाने मजकूर समोर सरकवून अंगठ्याची जागा दाखवली.

"अंगठा नाई, सही येते मले," तुळसाबाई म्हणाल्या. "आन पयले वाचून दाखवा. मोठ्यानं."

"बाई, लोक उभे हायेत इथं."

"म्हनूनच म्हनून राह्यली."

त्याने वाचलं. रांगेतली माणसं वळून पाहू लागली. वाचून संपल्यावर तुळसाबाई त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कोनत्या डाक्टरानं लिवलं जन्मजात म्हनून? तो होता का तवा माह्यापाशी? जन्माचं मले इचारा. जन्म म्या देला. पोरगं धडधाकट देलं होतं म्या फौजेले, आन त्यायनं हे परत देलं."

त्या सही करत होत्या, तेव्हा उकंडा दारात येऊन उभे राहिले. मागच्या बसने आले होते. सदरा चुरगळलेला होता. बायकोच्या सहीची शाई वाळेपर्यंत ते तिथेच थांबले आणि टेबलाशी आले.

"माह्याबी लिवा," मग ते कारकुनाला म्हणाले.

सुनावणी मुंबईला फौजेच्या न्यायाधिकरणापुढे झाली, तारखा पडत पडत वर्ष उलटलं. आई असंच म्हणणार, असं समोरचे वकील म्हणाले. पण गुलाबसिंग गणवेशात येऊन उभा राहिला आणि आपण कुणाला, कुठून, कोणत्या अवस्थेत उचललं, ते त्याने सांगितलं. निकालात जुनं कारण खोडलं गेलं. आजार सेवेत झालेल्या दुखापतीमुळे, असं नवं कारण आलं.

निकालाची बातमी कळली, तेव्हा गाव पुन्हा दारात आलं. पेढे आणले. कुणी पूर्वीसारखं "फौजीसाहेब" म्हणालं. अश्वजितने पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. गर्दी पांगल्यावर त्याने आईबापांकडे उरलेल्या एका डोळ्याने पाहिलं.

"फौजेचं अपील झालं," तो म्हणाला. "आता या डोळ्याचं कोनाकडं करू?"

वाचकहो, याचं उत्तर तुमच्या-माझ्याकडे आहे का? सोयरीक जमवताना आपण स्थळाचं शिक्षण विचारतो, नोकरी विचारतो आणि मग आवाज खाली आणून विचारतो, घरात कुणाला 'तसलं' काही नाही ना? त्या खालच्या आवाजाने किती घरांतली माणसं मागच्या खोल्यांत जातात, याचा हिशेब कोणतंही मंडळ ठेवत नाही.

काही दिवसांनी मागच्या गल्लीतल्या एक काकू पदर तोंडाशी धरून पाझाऱ्यांकडे आल्या. उर्वशीला कोपऱ्यात घेऊन कुजबुजल्या, "आमच्या सुनेले येते वं तसं. माहेरी धाडून द्या लागते म्हनते पोरगा. कोनाले सांगू नको."

उर्वशी काही बोलण्याआधीच तुळसाबाई उठल्या. पायात चपला सरकवल्या.

"सून घरी हाय ना?" त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. "चाल. आधी तिले भेटू, मंग तुह्या पोराले."