पहिली वेलांटी

"आधी अक्षर, वहिनी, मग वेलांटी. एवढं एकच ध्यानात ठेवा," असं रत्नाकरभावजी सांगून गेले त्याला नऊ दिवस झाले, आणि शेजारची वनिता चार दिवसांपासून कमरेत वाकलेली आहे.

चूक माझी आहे. मी टाइपिंग शिकले जुन्या मराठी यंत्रावर. तिथं पहिली वेलांटी आधी उमटते, मग अक्षर तिच्या कुशीत येऊन बसतं. तीस वर्षं कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज मी तसेच केले. घरच्या संगणकावरही तसंच चालायचं. तो कुरकुरायला लागला तेव्हा भावजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, तो चालवणारी सगळी प्रणालीच बदलून मुक्त प्रणाली घातली. "किंमत नाही, कुलूप नाही, कुणाची मालकी नाही," म्हणाले. मला ते देवळासारखं वाटलं. मी हळद-कुंकू वाहिलं.

माझा नेम आहे. रोज एकशे आठ वेळा 'श्रीराम' टाइप केल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. श्रीरामात पहिली वेलांटी नाही. त्यामुळे पाच दिवस काही कळलंच नाही.

सहाव्या दिवशी वनिताची लग्नपत्रिका केली. एक्केचाळीस वर्षांची आहे, पहिलंच लग्न. माझ्या बोटांनी सवयीनं वेलांटी आधी मारली, ती मागच्या अक्षरावर जाऊन बसली, आणि कागदावर 'विनता' छापून आलं. विनता म्हणजे वाकलेली. पत्रिका हातात घेतली तशी वनिता वाकली. नवऱ्या मुलाचं नाव भालचंद्र. त्याला काही झालं नाही.

लग्नाचा वार शनिवार, त्याचाही 'शिनवार' झाला. भिंतीवरच्या कॅलेंडरात शुक्रवारपुढे आता तोच आहे. शनिवारी माझा उपास असतो. शिनवारी काय खावं हे कुणाला विचारायचं?

"काकू, अंतरपाट दूर झाल्यावर मी काय बघायचं?" वनितानं विचारलं. "त्यांच्या पायांचे अंगठे?"

"शुक्रवार मावळायच्या आत तुझी मान वर करीन," मी शब्द दिला.

पुन्हा टाइप करायला बसले. सतरा वेळा 'विनता'च आलं, आणि दर वेळी ती आणखी झुकली. कपाळ गुडघ्यांपासून चार बोटांवर आलं तेव्हा मी थांबले आणि भावजींना फोन लावला.

"संगणकाच्या कळा जुन्या यंत्रासारख्या करून घेता येतात, वहिनी."

"मग तुम्हीच येऊन पत्रिका करा ना."

"मला मराठी टाइप करता येत नाही. कधी गरजच पडली नाही. आमच्या मुक्त प्रणालीवाल्यांच्या मंडळाला सांगतो."

आज शुक्रवार. सकाळी मंडळातले सात जण आले. दाराशी ओळीनं चपला काढल्या. सभ्य माणसं.

"कोणती आवृत्ती घेतलीत?" पहिल्यानं विचारलं.

"भावजींनी घातली ती."

"तिथंच चुकलं," दुसरा म्हणाला. "आमची घ्यायची."

"हा प्रश्न आधी कुणी विचारलाय का, ते शोधलंत?" तिसरा.

"अहो, ही परवापरवा वाकलीय. आधी कोण विचारणार?"

"सोपं आहे," चौथा म्हणाला. "पडद्यावर काळी खिडकी उघडून तिच्यात फक्त एक ओळ लिहायची."

तो 'सोपं आहे' म्हणाला आणि आमची खोली हातभर लांब झाली. संगणक पलीकडच्या भिंतीशी असतो, तो भिंतीबरोबर गेला. 'फारच सोपं'ला दोन हात. ती ओळ कोणती यावर सातांची सात मतं होती. दुपारी चहा नेला तर सातव्यापर्यंत पोचेस्तोवर गार झाला.

समोरच्या सिंधूबाई दारातून डोकावल्या. "धर्माची गाय अन् दात का गं नाही, असं झालंय तुमचं."

"गाय चांगली आहे हो," मी म्हटलं. "दूध काढायची बाजू वेगळी आहे."

मग मी मंडळींना हात जोडले. "तुमच्यापैकी कुणी जाऊन ती ओळ लिहाल का?"

"आम्ही लिहिली तर तुम्ही शिकणार कशा?" पाचवा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

साडेचार वाजले. संगणकाचा पडदा तिळाएवढा दिसत होता.

"राहू द्या, काकू," वनिता खालूनच म्हणाली. "अंगठे तर अंगठे. माणूस बरा आहे."

मी उठले. घरात आजवर कधी चपला घातल्या नव्हत्या, त्या घातल्या. वनिताचा हात धरला आणि संगणकाकडे निघाले. तिला फरशीच तेवढी दिसते, म्हणून वाट तीच सांगत होती. मागं कुणीतरी पुन्हा म्हणालं, सोपं आहे. आम्ही चालत राहिलो. बोलणी ऐकू येईनाशी झाली.

"काकू, फरशी संपली," वनिता म्हणाली. "पुढं नांगरट आहे."

मी पदर खोचला, आणि आम्ही ढेकळांत उतरलो.