याडीचा डावा डोळा

ममतानं ब्रश दातात धरला, कॅनव्हास ओसरीच्या भिंतीला टेकवला आणि सासूची खाट चार हात मागं ओढली. सुखीबाई खाटेवरच बसलेली होती.

"अवं, पाडशील मले!"

"गुमान बस याडी. सांग, आता कसं दिसते?" ममता सासूला बंजारा बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची.

सुखीबाईनं डोळे ताणले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नाक नाही, ओठ नाही, तिला फक्त उजेड आणि अंधार कळायचा. भिंतीशी दोन म्हाताऱ्या होत्या. एक छापील, चारशे वर्षांपूर्वीच्या कुण्या परदेशी चित्रकाराची, डोक्यावर पांढरं फडकं घेतलेली. दुसरी ममतानं तिच्यावरून उतरवलेली.

"त्या बाईचा गाल अंधारात जाते. तुही बाई चुन्यात पडल्यावानी."

ममता खळखळून हसली आणि गालावर तपकिरी चढवू लागली.

डोळे बारीक करा, बारकावे विसरा, उजेड-सावली बघा, असं पुसदच्या चित्रकलेच्या वर्गातले वामनराव सर सांगत. ममताला ते जमतच नव्हतं. पापण्या मिटत आणल्या तरी ती एकेक केस मोजत बसायची. या म्हातारीच्या चित्राच्या दोन नकला सरांनी परत केल्या होत्या. "तिसरी अशीच आणलीस तर रांगोळ्या काढ," असं भर वर्गात म्हणाले होते. वर्गातल्या पोरांच्या चुका काही कमी नव्हत्या, पण रांगोळी त्यांच्या वाट्याला आली नाही. नक्कल जमली तरच सर जिवंत माणूस समोर बसवून काढायला शिकवणार होते. ममताला तेच हवं होतं. तांड्यात माणूस मेला की मोबाइलमधला फोटो मोठा करून भिंतीवर टांगतात. तिला माणसं जिवंतपणी काढायची होती.

नक्कल रविवारी दाखवायची होती आणि मोतीबिंदूचं शिबिर गुरुवारी होतं. आशा सेविकेनं दिलेली शिबिराची चिठ्ठी आठ दिवसांपासून ममताच्या रंगाच्या डब्याखाली पडून होती. पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तेवढ्यानं काय बिघडते, असं ती स्वतःला सांगायची, आणि सासू पायरी चाचपताना दिसली की मान फिरवायची.

बुधवारी दुपारी सुखीबाईनं पाण्याचा म्हणून ब्रश धुवायच्या टर्पेंटाइनचा गिलास उचलून तोंडापर्यंत नेला.

"हे कसलं पाणी वं? नाक जळून राह्यलं!"

ममतानं गिलास हिसकावला. डब्याखालची चिठ्ठी काढून तिनं सासूच्या मुठीत कोंबली.

"उद्या शिबिर आहे याडी. आठ दिवस झाले. म्या लपवली."

"मले माहीत आहे."

"कसं काय?"

"आशावाली अंगणात उभी राहून बोंबलत होती. डोळे गेले माहे, कान नाही."

"मंग बोलली काहून नाही?"

सुखीबाई चिठ्ठीची घडी घालत राहिली.

"या घरात मले कोणी काही इचारलं का कधी? माह्या शामनं, त्याच्या बापानं? तू रोज इचारते, याडी, कसं दिसते. म्हटलं, चालू दे."

ममतानं रात्रीच पिशवी भरून ठेवली.

शनिवारी शामनं आईला मोटारसायकलवरून घरी आणलं. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. ओसरीच्या सावलीत तिनं तो कपाळावर सरकवला आणि आधी सुनेकडं पाहिलं.

"किती वाळली वं तू!"

मग कॅनव्हासपाशी गेली, पार नाक लागेस्तोवर. "माय वं! फडक्याच्या चुण्या, भिवईचा केस न् केस! लईच मस्त!"

ममताचा चेहरा पडला. आता सासूही केस मोजायला लागली होती.

"एकच डोळा झाला," शाम कुरकुरला. "डावा दिवाळीनंतरच्या शिबिरात. तारीख घ्यायले गेलो तर ही डॉक्टरांना म्हणते, राहू द्या, तो कामाचा आहे."

"वेडी का तू याडी?" ममता म्हणाली. "सोमवारी मी स्वतः जाऊन तारीख आणते."

"आणजो ना."

सुखीबाई खाटेवर येऊन बसली. ओढणीचं टोक तिनं हलकेच नव्या उजव्या डोळ्यासमोर धरलं आणि धूसर डाव्यानं चित्राकडं पाहिलं.

"गाल बसला. पण कपाळ लईच चमकते बाई. उद्या रविवार आहे ना? घे बरं ब्रश."